लोणी भापकरचा माळ आणि मेंढीची पैदास

बारामती तालुक्याचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऊस, कालवा व साखर कारखाना उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अर्ध्याच तालुक्याचे आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या रानास मिळाले ते बागायत झाले. ज्यास मिळाले नाही ते पावसाच्या तोंडाकडे पाहत राहिले. तालुक्याच्या पश्चिम अंगास असलेले लोणी भापकर हे या दुसऱ्या अर्ध्या भागातले गाव. तेथील मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर, पुष्करणी व यज्ञवराहाचे शिल्प इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तेथील माळावर मेंढरे राखून पोट भरणारी माणसे मात्र शहरवासीयांस फारशी परिचित नाहीत. बागायतदाराचे भांडवल कालव्यातून आले व ते सरकारी खजिन्याने घातले. जिरायत मुलखातील मेंढपाळाचे भांडवल चार पायांवर चालते, आणि ते वाढावे कसे याची चिंता अलीकडेपर्यंत फार थोड्यांनी वाहिली. ते वाढविण्याचा एक शास्त्रीय मार्ग नीरेच्या पलीकडे फलटण येथे सिद्ध झाला आहे. तो मार्ग कोणता, आणि तो माळापर्यंत पोहोचण्यास कोणाकोणाचे साहाय्य हवे, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

आपल्याकडील दख्खनी मेंढी ही काटक जात आहे. ती उन्हातान्हात कोसच्या कोस चालते, काटेकुटे खाऊन दिवस काढते, आणि मेंढपाळाच्या वाड्याबरोबर दूरदेशी जाऊन पावसाळ्याच्या तोंडास परत येते. परंतु एका वेतास ती बहुधा एकच कोकरू देते. पूर्वी लोकरीचाही काही आधार होता. घोंगडीची जागा गिरणीच्या ब्लँकेटाने घेतल्यापासून तो आधार सुटला. शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल मिळणारे धान्य वा पैसे, आणि विकलेली कोकरे, एवढीच काय ती मिळकत उरली. चराऊ राने दरसाल आकसत असता कळपातील डोकी वाढवून मिळकत वाढविणे शक्य नाही. मग उपाय एकच राहतो: तितक्याच मेंढ्यांपासून अधिक कोकरे मिळावीत व ती जगावीत.

या ठिकाणी शास्त्र साहाय्यास येते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक लहानखुरी मेंढी आहे. अंगाने ती दख्खनीच्या निम्म्याहूनही कमी भरते. परंतु तिला एका वेतास दोन, क्वचित तीन कोकरे होतात. बंगालची मेंढरे १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेली. पुढे त्या देशातील ‘बूरूला’ नावाच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी विलक्षण संख्येने होऊ लागली, आणि हा गुण अनेक कारणांचा नसून एकाच जनुकाचा आहे असे तेथील शास्त्रज्ञांनी ताडले. २००१ साली तो जनुक नेमका सापडला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात केवळ एका अक्षराचा फरक असतो, व त्यायोगे एका माजात एकाहून अधिक बीजे पक्व होतात. पाठोपाठ २००२ साली गारोळ मेंढीतही तोच फरक आढळला. म्हणजे ज्या गुणाकरिता परदेशी कळपाची कीर्ती झाली, त्याचे मूळ आपल्याच देशातील दरिद्री गाळवटीत होते!

फलटण येथे श्री. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापिलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. त्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची व ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांची जोड मिळाली. काम वाटते तितके सरळ नव्हते. गारोळचा संकर केला की जुळी होतात खरी, पण अंगही लहान होते, आणि लहान कोकरास बाजारात कोण विचारतो? तेव्हा संकरित संततीचा पुनःपुन्हा मोठ्या अंगाच्या जातींशी संयोग करून जुळ्यांचा तेवढा गुण राखावयाचा व खुजेपणा सोडावयाचा, असा पिढ्यानपिढ्यांचा क्रम चालविला गेला. दख्खनी व गारोळ यांच्या जोडीस बन्नूर ही मांसल जात व इस्रायलकडील अवासी ही दुधाळ जात मिळवून जी मेंढी तयार झाली, तिचे नाव ‘नारी सुवर्णा’.

आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. म्हण खोटी नाही, पण अपुरी आहे. जुळ्यांचा गुण मेंढीच्या ठायी प्रगट होतो. मेंढ्याकडे कितीही निरखून पाहिले तरी त्याच्या अंगी तो आहे की नाही हे कळत नाही. शिंगे, नाक, छाती पाहून नर पारखणारा जाणता मेंढपाळही येथे फसतो. रक्ताच्या थेंबावरून होणारी डीएनए परीक्षा हाच येथे खरा पारखी. ज्या मेंढ्याच्या अंगी या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत, त्याची प्रत्येक पाठ एक प्रत घेऊन जन्मते. ज्याच्या अंगी एकच प्रत आहे, त्याच्या पाठींपैकी सरासरीने निम्म्यांनाच ती मिळते. एक प्रत असलेली मेंढी साध्या दख्खनीपेक्षा सुमारे अर्ध्याने अधिक कोकरे देते. म्हणजे पन्नास मेंढ्यांच्या कळपात जेथे पन्नासांच्या आसपास कोकरे होत, तेथे पाऊणशेच्या आसपास होतील. यात कोणते कृत्रिम कलम नाही की प्रयोगशाळेत घडविलेले जनावर नाही. निसर्गात असलेला गुण निवडून पुढे नेला आहे, इतकेच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग अडले कोठे? अडले आहे ते शास्त्राच्या पुढच्या पायरीवर. दोन कोकरांस दूध पाजणारी मेंढी एकीच्या चाऱ्यावर राहू शकत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत व व्याल्यानंतर तिला अधिक खुराक हवा. जुळी कोकरे जन्मतः हलकी असतात. थंडीवाऱ्यात त्यांची विशेष निगा न राखल्यास अर्धा लाभ खड्ड्यात जातो. आंत्रविषाराची व पीपीआरची लस आणि जंतांचे औषध वेळेवर मिळाले नाही तर उरलेलाही जातो. आणि ही निगा राखते कोण? पुरुष कळप घेऊन रानात जातो. मागे वाड्यावर कोकरांस पाजणे, ऊब देणे, दुबळ्यास वरचे दूध घालणे हे सारे स्त्रियांच्या हातचे काम. जुळी झाली की प्रथम तिचे काम वाढते. असे असता शिबिरे भरतात ती बहुधा पुरुषांची, आणि खाते निघते तेही पुरुषाच्याच नावे. जिच्या हातावर या सुधारणेचे यश अवलंबून, तिलाच शिक्षण नाही व मिळकतीत वाटा नाही, तर ती सुधारणा टिकावी कशी?

या बाबतीत गाईचा इतिहास बोधप्रद आहे. श्री. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ साली स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गावठी गाईंच्या संकराचे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. ते फोफावले याचे कारण केवळ उत्तम वळूचे वीर्य नव्हे. कृत्रिम रेतन करणारा माणूस दारात येत असे, आणि दूध संकलन केंद्रावर मापून व स्निग्धांश पाहून घेतले जात असे. सेवा दाराशी आणि भाव मापावर, या दोन चाकांवर तो गाडा चालला. मेंढीच्या वाट्यास यांपैकी एकही चाक आलेले नाही. तिचा मालक वर्षातील कित्येक महिने फिरतीवर; पशुवैद्य मात्र एका जागी बसलेला. तिचे कोकरू बाजारात विकले जाते ते बहुधा नजरेच्या अंदाजाने, उक्ते.

आमच्या व्यापारी वाचकांस येथे स्पष्ट बोलल्यास त्यांनी राग मानू नये. लोणंदच्या बाजारात काय किंवा अन्यत्र काय, उक्त्या सौद्यात सराईत डोळ्याचा लाभ घेणाऱ्याकडे जातो. कोकरास चांगला खुराक घालून दोन किलो वजन वाढविणाऱ्यास त्या दोन किलोंचे मोल मिळेल याची शाश्वती नसेल, तर तो खुराक कां घालील? तराजू लागला तर व्यापाऱ्याचा आजचा लाभ थोडा घटेल हे आम्ही नाकारीत नाही. परंतु माल वाढला, सारखा झाला व वेळेवर येऊ लागला, तर उद्याचा व्यापार वाढेल हेही तितकेच खरे. बाजार समितीने जिवंत जनावराचा काटा बसवावा व वजनाने विक्रीचा पायंडा पाडावा. खर्च थोडा; परिणाम मोठा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक मेंढा अशा गटास पंचाहत्तर टक्के अनुदान ठेवण्यात आले. परंतु वाटलेला मेंढा कोणत्या कुळीचा, त्याची परीक्षा झाली आहे काय, आणि त्याच्या पाठींस पुढे किती कोकरे झाली, याची नोंद नसेल तर ते दान होते, पैदास सुधारणा होत नाही. परीक्षित नर गावच्या सामाईक मालकीचा असावा. तो ठरावीक काळाने दुसऱ्या गावाशी बदलावा, म्हणजे बाप-लेकींचा संयोग टळेल. आणि प्रत्येक कळपाची जन्ममृत्यूची वही असावी. ही वही वाड्यावरच्या शिकलेल्या मुलीने ठेवावी, असे आम्ही मुद्दाम सुचवितो. त्याकरिता त्या मुलीस शाळा मिळाली पाहिजे, हे ओघानेच आले.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दख्खनीचा काटकपणा हा शतकानुशतकांच्या दुष्काळांनी निवडून काढलेला ठेवा आहे. जुळ्यांच्या मोहाने सारेच कळप एका साच्यात ओतू नयेत. ज्याच्यापाशी चारा नाही त्याने एका कोकराची मेंढी राखणे हेच शहाणपण. ज्यास पेलेल त्यासच बीज द्यावे, आणि त्याबरोबर पेलण्याचे बळही द्यावे.

कालवा खणताना एकट्या शेतकऱ्यास कुदळ देऊन ‘पाणी आण’ असे कोणी म्हटले नव्हते. ते काम सार्वजनिक समजून केले गेले, म्हणूनच आज अर्धा तालुका हिरवा आहे. लोणी भापकरच्या माळावर कालव्याचे पाणी पुरेसे पोहोचेल तेव्हा पोहोचो; गुणाचे बीज आज उपलब्ध आहे. ते मेंढपाळाच्या हाती नुसते ठेवून बाजूस होणे म्हणजे त्याच्या हाती कुदळ ठेवण्यासारखेच आहे. औषध, वही, तराजू आणि वाड्यावरील स्त्रीचे शिक्षण ही त्या बीजाबरोबर द्यावयाची पाण्याची पाळी होय. ती देणे हे सरकारचे, बाजाराचे व आपणां शहरवासीयांचे कर्तव्य आहे.