डब्यावरची भाषा

परदेशी खाद्यपदार्थ आपल्या देशात कोणत्या अटींवर येऊ द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला असतो. १९९५ साली अंमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारांनीही तो मान्य केला आहे. मात्र या अटींना शास्त्रीय आधार हवा. आरोग्याचे निमित्त करून परकी मालाला छुपी आडकाठी करता येत नाही.

आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१७ साली आयातीचे नियम झाले. आयातदाराजवळ केंद्रीय परवाना लागतो. माल बंदरात उतरला की कागदपत्रे व वेष्टन तपासतात, जरूर तर नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवितात. ना-हरकत प्रमाणपत्रावाचून कस्टम खाते माल सोडीत नाही. मालाच्या एकूण मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांतील जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते.

या नियमांमागचा हेतू एकच : ग्राहकाचे रक्षण. परंतु ज्या ग्राहकासाठी हा खटाटोप, त्याला डब्यावरचे वाचता येते काय? २०२० च्या नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. अन्य भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. साहजिकच आयातदार इंग्रजीवर भागवितो. शेंगदाणा, दूध, अंडी, सोयाबीन असे बाधणारे घटक जाहीर करणे बंधनकारक आहे. पण बेळगावच्या बाजारात येणाऱ्या, केवळ मराठी किंवा केवळ कन्नड जाणणाऱ्या गृहिणीला त्या जाहीर करण्याचा उपयोग काय? हिंदीत छापले तर मराठी वाचकाला निदान अक्षरे तरी लागतील. कन्नड वाचकाला तीही नाहीत.

यावर व्यापारी म्हणतील, माल कोणत्या राज्यात विकला जाईल हे बंदरात कसे कळावे? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम आयातदारावर न टाकता त्या त्या राज्यातील घाऊक विक्रेत्यावर टाकावे. आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह कस्टमच्या गोदामात चिकटपट्टीने लावण्याची सवलत आजही आहे. तशीच आणखी एक पट्टी, दोनच ओळींची : बाधणारे घटक आणि वापरण्याची मुदत. सीमाभागात ती दोन्ही भाषांत असावी. खर्च थोडा वाढेल व तो अखेर किमतीत मिळेल, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगावयास नको. परंतु न वाचता येणाऱ्या सूचनेची किंमत रुग्णालयात मोजावी लागली, तर ती त्याहून जड जाईल.

कॅनडात परदेशातून येणाऱ्या डब्यांवरही इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषा लागतात. म्हणून तेथील आयात काही थांबलेली नाही.

आपल्या भागात भाषेवरून वाद पुष्कळ झाले. या मागणीत मात्र मराठी व कन्नड एकाच बाजूला उभ्या आहेत. दोन्ही विभागांच्या वाचकांनी ती मिळून करावी.