पात्र, अपात्र आणि गच्ची

'पात्र' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला कथा-कादंबरीतून परिचित असतो; मुंबईच्या चाळकऱ्याला तो सरकारी यादीतून कळतो. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात कोणते कुटुंब पात्र आणि कोणते अपात्र, हे ठरवणाऱ्या याद्या लागल्या, तेव्हा या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्हांला एकमेकांच्या फार जवळचे वाटले. दोन्हीकडे पात्राचे भवितव्य लिहिणारा दुसराच कोणी असतो. (कादंबरीतले पात्र निदान अधूनमधून लेखकाचे ऐकत नाही, असे लेखक मंडळी सांगतात.)

या चाळींचा जन्मच न विचारता झाला. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. कामगाराला काय हवे हे कामगाराला विचारावे, असे कोणाच्या मनात आले नाही. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, खोल्या अंधाऱ्या, भाडे न झेपणारे. कामगारांनी निवेदन वगैरे दिले नाही. ते तिथे राहायलाच गेले नाहीत. असंख्य खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या, आणि कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने चक्क तुरुंग केला. त्या वास्तुरचनेची याहून कठोर समीक्षा आम्हांला तरी सुचत नाही.

पुढे त्याच खोल्यांची घरे झाली, ती राहणाऱ्यांनी केली म्हणून. गॅलरी, व्यायामशाळा, गणेशोत्सव, आंबेडकर जयंती यांतून जे सार्वजनिक जीवन घडले ते कोणत्याही नकाशात नव्हते. ते निर्वेध होते असेही नाही. १९७४ च्या वरळीच्या दंगलीची आठवण त्याच गॅलऱ्यांना आहे. तेव्हा चाळीचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. ते बहुधा चाळ सोडून गेलेलेच गातात. पहाटे सामाईक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ५०० चौरस फुटांचे, मालकीचे, विनामूल्य घर मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, याचे मोल कमी लेखणे उद्धटपणाचे होईल.

आमचा आक्षेप वेगळा आहे. किल्ली हातात येईपर्यंतच्या निर्णयांत रहिवासी कुठे होता? चाळीस मजल्यांच्या इमारतीत शेजार कसा राहील, मंडळाची खोली कुठे असेल, म्हातारी माणसे संध्याकाळी कुठे टेकतील, लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च पुढे कसा झेपेल, हे प्रश्न त्याच्या अनुभवाच्या कक्षेतले. त्याला मात्र प्रामुख्याने विचारले गेले ते कागदपत्रांविषयी. 'आधी करार, मग स्थलांतर' असा आग्रह रहिवाशांना धरावा लागला, यातच परस्परविश्वासाची पातळी दिसते. चाळीतल्या पोलीस कुटुंबांसाठी घराची किंमत २०२२ साली ५० लाखांवरून २५ आणि मग १५ लाखांवर आली. म्हणजे बोलल्याने निर्णय बदलतात. परंतु आधी घोषणा, मग संताप, मग सवलत या क्रमाला सहभाग म्हणता येत नाही.

याउलट मालकीच्या सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे पाहावे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली २००९ मध्ये शासनाने निर्देश काढले आणि २०१९ मध्ये ते सुधारले. सभासदांच्या लेखी सूचना, वास्तुविशारदाची निवड, व्यवहार्यता अहवाल, निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर सभा, तिचे चित्रीकरण, सारे त्यात आहे. पद्धत ठाऊक नाही, असे शासनाला म्हणता येणार नाही. मालकाला विचारायचे आणि भाडेकरूला कळवायचे, ही केवळ सवय आहे.

ही सवय आम्हां साहित्यवाल्यांनाही आहे, असे आमचे मत आहे. 'बटाट्याची चाळ' १९५८ पासून आपण वाचतो आहोत. त्यातील 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन म्हणून शिकवले जाते आणि तिथेच थांबते. परंतु भाडेकरूंनी सामाईक जागेवर हक्क सांगणे हा त्यातला मूळ व्यवहार आहे. पुलंनी चाळकऱ्यांची फजिती केली, पण मागणी त्यांच्याच तोंडी ठेवली. आपण हसलो ते भाषणबाजीला. गच्ची मागण्याला हसण्यासारखे काय होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला जात नाही. चाळीवरचे आपले बाकीचे लेखन बहुधा कारुण्याच्या वाटेने जाते. त्यात माणसे सोसतात, भांडतात, उद्ध्वस्त होतात; सभा भरवून ठराव करणारा रहिवासी त्यात क्वचितच भेटतो.

ना. म. जोशी मार्ग, नायगाव, वरळी येथील बरेचसे काम अजून व्हायचे आहे. आराखडा मराठीत समजावून सांगणारी सभा, इमारत उभी राहण्याआधीच स्थापन झालेली रहिवाशांची संस्था आणि तिच्या हरकतींना लेखी उत्तर, एवढे तरी त्या इमारतींच्या बाबतीत करता येईल. आणि गच्चीची किल्ली कोणाकडे राहील, हे त्याच सभेत ठरावे.