ब्लँकेट दिलं, पुढे काय?

परवा पुण्याहून भिगवणला येताना गाडीत मामा म्हणाले, "यंदा माझ्या वाढदिवसाला पुणे स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटू." मीही दर थंडीत वाटतो. पण मागच्या खेपेला एका आजोबांनी विचारलं, "बाळा, दिवसा हे ठेवू कुठं?" मी गप्प!

खरंच की! आपण वाटप करतो, फोटो काढतो, घरी येऊन झोपतो. ते तिथंच. गाडगेबाबांनी कीर्तनं करून पैसा जमवला तो पंढरपूर, नाशिक, मुंबईत धर्मशाळा बांधायला. डोक्यावर छप्पर आधी, हे त्यांना कळलं होतं. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शहरांत दर 1 लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारमाही आणि चोवीस तास, असं सांगितलं.

मग ब्लँकेटांचे पैसे एखाद्या निवाऱ्याला द्यावेत आणि महिन्यातला एक रविवारही. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या आधार कार्डासाठी रांगेत उभं राहायचं, कुणाच्या गावी फोन लावून द्यायचा. पैशापेक्षा हे अवघड आहे, मलाही अजून जमलेलं नाही. मामा मात्र म्हणाले, "चल, पहिल्या रविवारी जाऊ."

असो. तुमच्यापैकी कोण येतंय?