बंदोबस्ताचा आरंभ नकाशापासून

एखाद्या रुग्णालयात वा कचेरीत आगळीक घडली, की तातडीने कॅमेऱ्यांची खरेदी मंजूर होते, फाटकावर दोन पहारेकरी वाढतात आणि बंदोबस्त झाला अशी आपण समजूत करून घेतो. परंतु ज्या इमारतीचा नकाशा आखताना कोणी कोठून आत यावे, कोणास कोठवर मज्जाव असावा आणि संकटसमयी सर्वांनी कोठून बाहेर पडावे याचा विचारच झाला नाही, तिचे वैगुण्य मागाहून बसविलेल्या यंत्रांनी दूर होत नाही.

हा विचार आपल्या पूर्वजांनी सांगोपांग केला होता. रायगडाचा महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आड असा बांधला आहे, की चढून येणाऱ्यास तो जवळ पोहोचेतो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा येणारा बुरुजांच्या माऱ्यात सापडलेला असतो. गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय, यास्तव जादा दरवाजे व चोरदिंड्या बांधाव्यात, मात्र राबत्यास लागतील तेवढ्याच खुल्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तिघांवर त्याची जबाबदारी असे.

तथापि गडाची चिणलेली दिंडी सार्वजनिक इमारतीस चालणार नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आगीच्या धुराने 59 जीव गेले. तेथील बाल्कनीतील एक वाट जादा खुर्च्यांसाठी पूर्वीच बंद झाली होती. चोराच्या भयाने जिन्याच्या दारास कुलूप घालणारी प्रत्येक सोसायटी तोच धोका पत्करीत असते. अशा दारास आतून विनासायास उघडणारी कडी आणि उघडताच वाजणारी घंटा असली, म्हणजे दोन्ही हेतू साधतात.

राहता राहिला पहारेकरी. त्याच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी महाराष्ट्राने 1981 साली कायदा केला. तरीही आठवड्याच्या सुटीवाचून बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून आपण अखंड सावधपणाची अपेक्षा करतो, हा अन्याय तर आहेच, पण बंदोबस्तातील उघड भगदाडही आहे.

म्हणून महानगरपालिकांनी रुग्णालये, शाळा व कचेऱ्यांच्या नकाशांना मंजुरी देण्यापूर्वी प्रवेश, निर्गम आणि पहाऱ्याची व्यवस्था यांचा लेखी आराखडा सक्तीने मागावा, आणि त्याची अंमलबजावणी प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज वापराचा परवाना देऊ नये.