औ. म्हणजे औषध

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक छोटंसं महाभारत झालं. कारण काय, तर आईस्क्रीम! आईच्या हातचं पॉट आईस्क्रीम मला पुन्हा जमलं आणि त्याची कृती मी लिहून ठेवणार आहे असं मी जाहीर केलं. लगेच भाचेसुनेचा सल्ला आला, "आत्या, त्या एका जिन्नसाच्या जागी रम इसेन्स लिहा ना. उगाच लोक काय म्हणतील?" मावसभावाने तर फर्मानच काढलं, "माईच्या नावाला बट्टा लावू नकोस."

तर मंडळी, बट्टा नक्की कशाने लागतो ते एकदा ठरवूनच टाकू या.

आधी थोडी पार्श्वभूमी. दादा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मास्तर होते. मे महिन्यात आम्ही सगळे दिंडोरीच्या घरी यायचो. मामा नाशिकहून एस.टी.ने बर्फाची लादी आणायचा, गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून. निम्मी लादी वाटेतच पाणी होऊन जायची. मग लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. दांडा फिरवायला पोरांच्या पाळ्या. ज्याचा हात आधी दुखला तो हरला.

त्या आईस्क्रीमची चव मी साठ वर्षं शोधत होते. सायीसारखं मऊ, चमचा अलगद आत जायचा, आणि घशाखाली उतरताना एक उबदार, किंचित उग्र, मनुकांसारखा वास. आईची वही माझ्याकडे आहे. तिच्यात लिहिलंय: दूध २ शेर, साखर पाव शेर, जायफळ, चारोळी, आणि शेवटी "औ. ४ पळ्या, अगदी शेवटी". हा "औ." म्हणजे काय हे कुणालाच कळेना. वहिनी म्हणायची औंस असेल. पण चार पळ्या औंस म्हणजे काय? तेव्हा तेवढं सोडून बाकी सगळं घालून आम्ही वर्षानुवर्षं आईस्क्रीम करत आलो. ते दगडासारखं व्हायचं आणि खाताना दाताखाली बर्फाची कचकच यायची. आम्ही म्हणायचो, आईच्या हाताची चव ती, आपल्याला कशी यायची!

या उन्हाळ्यात धाकट्या मावशीकडे गेले होते. वय अठ्ठ्याऐंशी, पण स्मरणशक्ती खणखणीत. वही दाखवली तर खुदकन हसली. म्हणाली, "अगं, औ. म्हणजे औषध! तुझ्या आईच्या फडताळात हिरवी बाटली असायची ना, ती. मोहाची. पहिल्या धारेची."

दारूबंदीच्या राज्यात "औषध" हा परवलीचा शब्द होता. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातली औषधांवरची बंदी तेवढी रद्द केली, म्हणजे अल्कोहोल असलेली औषधं घरात ठेवायला हरकत नव्हती. पांढरपेशा घरांनी हा शब्द उचलला. सर्दी झाली की बाळाला ब्रँडीचा थेंब, बाळंतिणीला चमचाभर. सगळं औषध! आईची बाटली काही न्यायालयाला अभिप्रेत असलेल्या औषधाची नव्हती. ती मोहाचीच होती. पाड्यावरची एक कोकणा बाई ती आणून द्यायची.

मग मी प्रयोग सुरू केले. पहिल्यांदा वाटलं, दिंडोरीत राहते, चहूकडे द्राक्षांचे मळे, वाईनच घालून बघू. आटवलेल्या गरम दुधात ओतली आणि दूध फाटलं. वाईन आंबट असते, दुसरं काय होणार! मग इसेन्स. वास आला, पण आईस्क्रीम पुन्हा दगड. मग भाच्याने मुंबईच्या दुकानातून मोहाची बाटलीबंद दारू आणून दिली, बिल आणि परवान्यासकट. (होय, कायद्याने दारू विकत घ्यायला आजही परवाना लागतो.) उत्साहाच्या भरात मी वाटीभर ओतली. दीड तास फिरवून हाती काय आलं? गार बासुंदी!

शेवटी आईचं "अगदी शेवटी" मला समजलं. शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही. ते दुधात मिसळलं की दुधाचाही गोठणबिंदू खाली जातो. जास्त घातलं तर आईस्क्रीम जमतच नाही, अजिबात नाही घातलं तर बर्फ होतो, आणि बेताने घातलं तर ते मऊ राहतं. सुरुवातीला घातलं तर घट्ट व्हायला फार वेळ लागतो आणि पोरांचे हात गळून जातात. म्हणून डबा फिरवायला जड जाऊ लागला की मग झाकण काढून चार पळ्या. आईची पळी मी मोजून पाहिली, पंधरा मिलिलीटरची आहे. म्हणजे सगळे मिळून साठ.

माझ्या चौथी पास आईला गोठणबिंदू हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती. आता तुम्हीच सांगा, इसेन्स लिहू? इसेन्सने वास येतो, मऊपणा येत नाही. म्हणजे ती कृती नुसती खोटीच नाही, चुकीचीही ठरते. पुढच्या पिढीतली पोरगी ती करून बघेल, तिचा दगड होईल आणि तीही म्हणेल, आईच्या हाताची चव ती!

पण माझा खरा राग वेगळा आहे.

मी आठ-नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. एका सकाळी पाड्यावर अंमलदार आले. त्या बाईची मडकी फोडली. आंबवलेल्या फुलांचा वास दिवसभर शाळेपर्यंत येत होता. तिला घेऊन गेले. दादा वर्गाबाहेर आले नाहीत. आईने दार लावून घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात दिंडोरीला आईस्क्रीम झालंच, बाटली आधीच येऊन पडली होती ना! ती बाई गुन्हेगार ठरली, आणि आमच्या घरात तिचंच "औषध" झालं. बट्टा लागला असेल तर तो इथे लागला. चार पळ्यांनी नाही.

आणि हे आमच्याच घरापुरतं नाही हो. इंग्रजांनी १८७८ साली अबकारी कायदा केला, १८९२ साली तर नुसत्या मोहाच्या फुलांवर कायदा केला. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडणारी फुलं, आदिवासी ती वाळवून मनुकांसारखी खातात, भाकरीत घालतात, देवाला वाहतात. ती घरात साठवायलाही धास्ती! स्वातंत्र्य आलं तरी धास्ती गेली नाही. महाराष्ट्रात फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडलं. याउलट द्राक्षं बघा. २००१ साली वाईनसाठी खास धोरण, करात सवलती, विंचूरला वाईन पार्क. २०२२ साली तर सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, विरोध झाला म्हणून तो अडला. एका प्रसिद्ध वाईनच्या लेबलावर आमच्या "दिंडोरी"चं नाव छापलंय आणि आम्ही ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. द्राक्षाची ती संस्कृती आणि मोहाची ती गावठी, असं का? गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशाने २०२२ सालच्या धोरणात मोहाच्या दारूला वारसा म्हटलं. आम्ही मात्र अजून इसेन्स शोधतोय!

कुणी म्हणेल, मास्तरीणबाई दारूचा प्रचार करायला लागल्या. मुळीच नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतली किती मुलं माझ्या वर्गात बसली, उपाशी पोटी, ते मी विसरलेले नाही. दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं ना, उभी बाटली की आडवी बाटली, तशी वेळ आली तर माझा शिक्का आडव्या बाटलीवरच पडेल. चोरून गाळलेली दारू तर जीवच घेते. आणि आम्हाला लहानपणी ते आईस्क्रीम दिलं हेही चूकच होतं. मुलांसाठी चार पळ्या न घालता वेगळा डबा करावा, दगड झाला तरी चालेल. पण दारू वाईट म्हणणं वेगळं आणि आपण घेतलेल्या दारूला औषध म्हणून देणारीला गुन्हेगार ठरवणं वेगळं. पहिल्याला तत्त्व म्हणतात, दुसऱ्याला सोवळं.

असो. कृती लिहिते, जशी आहे तशी. म्हशीचं दूध दोन लिटर, मंद आचेवर सव्वा लिटर होईपर्यंत आटवा. साखर पाव किलो, चिमूटभर जायफळ, मूठभर चारोळी. पूर्ण गार करा, शक्यतो रात्रभर. डब्याभोवती तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडेमीठ. दांडा जड लागेपर्यंत फिरवा. मग मोहाची दारू, दुकानातली, रीतसर घेतलेली, चार पळ्या. पुन्हा दहा मिनिटं फिरवा. डबा गोणपाटाने झाकून तासभर ठेवा.

वहीत आईच्या "औ."पुढे मी पेनाने "मोहाची दारू" असं लिहिलं आहे. तिच्यापुढे त्या बाईचं नावही लिहायचं होतं. मावशीला विचारलं, तिला आठवत नाही. आमच्या घरात तिला सगळे "मोहवाली" म्हणायचे. पेठकडच्या नातेवाइकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा. जागा मोकळी ठेवली आहे.