सगळ्या घराला एकच फरशी

दिवाळीच्या आधी आई हॉलमध्ये घसरली. फरशी पुसून जेमतेम दहा मिनिटं झाली होती, आणि चकचकीत टाइलवर पाणी दिसतच नाही. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. "अरे, माझंच लक्ष नव्हतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मला ते पटत नाही. 'युजरची चूक' असा शेरा मारून बग बंद करायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. घरातली माणसं ओल्या पायांनी चालणारच!

तर फरशी बदलायची ठरली. तीन शनिवार दुकानं पालथी घातल्यावर झालेलं मत असं: बाथरूम सोडून सगळीकडे एकच मॅट फुल-बॉडी व्हिट्रिफाइड टाइल घालावी. बेडरूममध्ये लाकडी, हॉलमध्ये इटालियन, किचनमध्ये तिसरंच, हे करू नये.

बायकोला बेडरूममध्ये लॅमिनेट हवं होतं. दिसतं छानच, पण आत दाबलेला लाकडाचा लगदा. सांध्यांतून पाणी शिरलं की कडा फुगतात, आणि फुगलेल्या कडा पुन्हा बसत नाहीत. आमच्या बाल्कनीतून जुलैत पाऊस थेट आत येतो. विषय संपला. (संपायला दोन दिवस लागले, असो.) संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग पडतो, पॉलिशच खाल्लं जातं. कोटा मला मनापासून आवडतो. तोही चुनखडीचाच, मऊ, चपलेबरोबर आलेल्या वाळूने त्यावर ओरखडे उठतात. पण वरपासून खालपर्यंत तोच दगड, म्हणून पुन्हा घासून पॉलिश करता येतो. जुन्या घरातल्या मोझॅकचंही तसंच होतं. फुल-बॉडी टाइल मी त्याच कारणासाठी निवडली. रंग पूर्ण जाडीत असतो, टवका उडाला तरी आतून पांढरं डोकावत नाही.

घसरण्याचं काय? कॅटलॉगमध्ये आर ९, आर १० असे आकडे असतात. ही जर्मन पद्धत. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात, आणि किती अंशाला त्याचा पाय सुटतो ते बघतात. आपण घरात अनवाणी! मी सरळ नमुन्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, चप्पल काढली आणि उभा राहिलो. दुकानदार हसला. हसू दे.

एकाच फरशीचा खरा फायदा दारात कळतो. दोन प्रकार आले की जाडी वेगळी, मग मधे पट्टी, आणि पट्टीला पाय अडतो. उद्या वॉकर आला तर त्याची चाकंही अडतील. शिवाय दर बॅचची छटा थोडी वेगळी येते, म्हणून जास्तीची एक पेटी ठेवावीच लागते. चार प्रकार म्हणजे माळ्यावर चार पेट्या.

बाथरूम वेगळं ठेवलं, कारण तिथे नहाणी ट्रॅपकडे उतार हवा. दोन बाय चारची टाइल चारही बाजूंनी उतार घेत नाही, फूटभराची घेते.

बसवण्याबद्दल मात्र कंत्राटदाराशी भांडावं लागलं. "साहेब, जॉइंट दिसणारच नाही असं बसवतो." नको! टाइलला प्रसरण पावायला जागा नसली तर एखाद्या दुपारी मधल्या दोन टाइला तंबूसारख्या उभ्या राहतात. दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर हवाच. आणि व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही. अ‍ॅढेसिव्ह लागतं. ते महाग पडतं हे खरं, पण तिथे वाचवलेले पैसे पुढे पोकळ आवाजाच्या रूपात परत येतात. नाण्याने ठोकून बघा.

आईला रंग आवडलेला नाही. "पुसली तरी धूळ बसल्यासारखी दिसेल," म्हणते. बरोबर आहे तिचं, मॅट फरशी चमकत नाही. मंगळवारी तोडफोड सुरू होते आहे, तोवर दुसरी छटा मिळते का बघतो.