गाडी बघायला आपण का जात नाही?

साडी घ्यायची असली की आपण चार दुकानं पालथी घालतो. पदर उलटून बघतो, कापड चुरगळून बघतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला दहादा विचारतो. बाजारात पापलेट घेताना कल्ले लाल आहेत का ते बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. आणि तीन-चार लाखांची जुनी गाडी घरात यायची असते, तेव्हा मात्र आपण घरी थांबतो! गाडी बघायला जातात घरातले पुरुष, सोबत त्यांचा एक मित्र आणि एक ‘ओळखीतला’ एजंट. बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, एक चक्कर मारतात आणि संध्याकाळी पेढे घेऊनच येतात. आपल्या वाट्याला येतं ते ओवाळणीचं ताट.

पण मैत्रिणींनो, त्या गाडीच्या पैशांत आपल्या पाटल्या असतात, बचत गटाचं कर्ज असतं, भिशीचे पैसे असतात. त्या गाडीतून सासूबाईंना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं असतं आपल्यालाच. सुक्या मासळीच्या पाट्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, वाडीतले नारळ, घरगुती खानावळीचा महिन्याचा बाजार, हे सगळं भरायचंही आपणच. मग गाडी निवडताना आपलं मत का नको? गाड्यांतलं काही कळत नाही म्हणून? जुनी गाडी पारखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. डोळे, नाक, हात आणि थोडा चिकटपणा लागतो, आणि तो आपल्याकडे भरपूर आहे.

आधी गरज काय ते ठरवूया. आपल्याला हवी असते माणसंही बसतील आणि सामानही मावेल अशी गाडी. परदेशात अशा गाडीला ‘इस्टेट’ म्हणतात. जमीनजुमल्याची इस्टेट नव्हे हं! मागचं छप्पर शेवटपर्यंत सरळ नेलेली, बैठक आणि डिकी सलग असलेली ही गाडी. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. टाटांनी १९९२ मध्ये चक्क ‘इस्टेट’ नावाचीच गाडी आणली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आणली. मारुतीची बलेनो अल्टुराही होती. पण आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडीच रुबाबदार वाटली आणि या गाड्या एकेक करून बंद झाल्या. आज यातली एखादी कुणी स्वस्तात देऊ केली, तर मागची काच किंवा मागचं दार फुटल्यावर कुठे मिळेल हे आधी विचारा.

आपल्याकडे इस्टेटची जागा घेतली ती सात-आठ माणसांच्या गाड्यांनी. बोलेरो २००० पासून आहे, इनोव्हा २००५ पासून, मारुतीची इको २०१० पासून, एर्टिगा २०१२ पासून आणि रेनॉची ट्रायबर २०१९ पासून. शेव्हरोलेची टवेरा आणि एन्जॉय, डॅटसनची गो प्लस या गाड्या बाजारात त्यांच्यापेक्षा स्वस्त दिसतात. त्यालाही कारण आहे. शेव्हरोलेने भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबवली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. म्हसळा-श्रीवर्धनच्या बाईने तर हा प्रश्न पहिला विचारावा की आपल्या गावचा मेकॅनिक ही गाडी उघडतो का? एखाद्या पार्टसाठी पनवेलला खेपा घालाव्या लागल्या, तर स्वस्त गाडी महाग पडते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या किनाऱ्यावर गाडीचं वय किलोमीटरवर मोजू नका, गंजावर मोजा. खारं वारं लोखंड कसं खातं हे मुरूड-रेवदंड्याच्या बाईला काय सांगायचं? खिडकीचे गज, गॅलरीचं ग्रील, शिलाई मशीनचं चाक, सगळं आपल्या डोळ्यांदेखत लाल होतं. गाडीचंही तेच. त्यात दिघी-आगरदांडा किंवा मांडव्याच्या फेरीबोटीवर वरचेवर चढणारी गाडी असेल तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आलेच. वर पॉलिशने चकाकणारी गाडी खालून सडलेली असू शकते. म्हणून वाका, सरळ जमिनीवर चटई टाकून खाली बघा. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप बघा. मग मागचं दार उघडून तळाचं कार्पेट उचला, स्टेपनी कुठे ठेवलीय ती जागा बघा. पत्रा अंगठ्याने दाबल्यावर चुरचुरला तर सरळ नमस्कार करून निघा. वरवरची लाल धूळ वेगळी आणि पोखरलेला पत्रा वेगळा.

एक सोपी युक्ती सांगते. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दारांवर, कमानींवर फिरवा. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे खाली लांबी भरून वर रंग मारलेला असण्याची शक्यता मोठी. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे चुंबक धरणारच नाही, त्याची काळजी नको. गाडी दिवसाउजेडी बघा, आणि कोरडी असताना. भिजलेल्या गाडीवर पोचे आणि रंगातला फरक दिसत नाही. मिळाली तर घाटावरची, म्हणजे पुण्याकडे वापरलेली गाडी पत्र्याच्या बाबतीत बरी असते. ती घेतलीत तर मात्र पहिल्याच पावसाळ्याआधी खालून अँटीरस्ट मारून घ्या.

दुसरी भीती पाण्याची. २६ जुलै २००५ चा पूर आपल्यातल्या कित्येक जणींनी बघितला. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणमध्ये पाणी घरात शिरलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळलं आणि झाडं, पत्रे गाड्यांवर पडले. अशा गाड्या दुरुस्त होऊन, रंगून पुन्हा बाजारात येतात. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची? काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येतो का? अत्तराची बाटली जरा जास्तच घमघमते का? सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटपर्यंत बघा, एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग सापडतो. सीटखालचे रूळ गंजलेत का, हेडलाइटच्या काचेत आतून बाष्प आहे का, तेही बघा. वास आणि डाग ओळखायला बायकांइतकं कोण तयार आहे?

तिसरी गोष्ट पर्यटनाची. अलिबाग, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर इथे सुट्ट्यांमध्ये टुरिस्ट गाड्या रात्रंदिवस पळतात. पुढे त्यांची पिवळी पाटी जाऊन पांढरी येते आणि ‘घरगुती वापर’ म्हणून त्या विकल्या जातात. मीटर मागे फिरवता येतो, पण ब्रेक-क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि खचलेली ड्रायव्हरची सीट खोटं बोलत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या कामाची नोंद मालकाला मागा. नसेल तर भाव कमी करा. आणि गाडी बघायला सकाळी लवकर जा, मालकाने सुरू करून ठेवण्याआधी. गार इंजिन कसं सुरू होतं ते ऐका. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर सुटला तर इंजिनात पाणी जातंय की काय अशी शंका घ्या. मग गाडी स्वतः चालवा, लायसन्स असेल तर! क्लच दाबताना पाय भरून येतो का, सीटवरून पुढचं नीट दिसतं का, हे आपल्यालाच कळणार.

सीएनजीची गाडी असेल तर दोन गोष्टी. टाकी दर तीन वर्षांनी तपासावी लागते, त्याचं प्रमाणपत्र मागा. किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. आणि टाकीने अर्धी डिकी खाल्ली असेल तर मासळीच्या पाट्या कुठे ठेवणार, हाही विचार करा.

आता जे आपल्या जिवाशी आहे ते बोलते. गाडीत आपण कुठे बसतो? पुढे डावीकडे, बऱ्याचदा मांडीवर मूल घेऊन. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची सक्ती आली २०२१ मध्ये, आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना ती लागू झाली थेट ३१ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे मधल्या काळातल्या कितीतरी स्वस्त गाड्यांमध्ये चालवणाऱ्यासाठी एअरबॅग आहे, शेजारी बसणाऱ्या बाईसाठी नाही. त्यामुळे ‘एअरबॅग आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. किती आहेत, कुठे आहेत, विचारा. मूल मात्र कधीच पुढे मांडीवर नको, एअरबॅग असली तरी आणि नसली तरी. मागच्या प्रत्येक सीटला बेल्ट आहे का ते ओढून बघा. बोलेरोसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर बाकडी असतात, तिथे मुलांना बसवायचं का हे घेण्याआधीच ठरवा. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देते. तिच्या चाचणीत २०१६ मध्ये इकोला शून्य तारे मिळाले, २०१९ मध्ये एर्टिगाला तीन, २०२१ मध्ये ट्रायबरला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी चार. पुढे २०२४ मध्ये एर्टिगाची नव्या, कडक नियमांनी चाचणी झाली तेव्हा एकच तारा आला. कमी पैशांत सगळं मिळत नाही हे खरं, पण कशाच्या बदल्यात काय सोडतोय हे घरात सगळ्यांना माहीत असावं.

भावाचंही थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. इको, ट्रायबर त्यात बसतात. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा. म्हणून आधी नवीचा भाव काढा आणि मग घासाघीस करा. हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक यांसाठी निदान दहावा हिस्सा बाजूला ठेवा.

आणि शेवटी कागद. इथे तर आपण अजिबात मागे राहायचं नाही. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी तपासा. थकलेली ई-चलनं कुणी भरायची ते आधी ठरवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आरटीओतली फेरतपासणी आणि पर्यावरण कर आपल्या डोक्यावर येणार हे धरून चाला. गाडी आपल्या नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विम्यासाठी मुदत १४ दिवसांची. ‘करू की पुढच्या महिन्यात, पेणला गेलो की’ असं म्हणून हे काम वर्षानुवर्षं पडून राहतं. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आपली जुनी गाडी विकतानाही हे लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, कायद्याने तोच मालक. गाडी पुढे चार हातांत गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्या दारात येते.

मग हे नाव कुणाचं असावं? पैसे दोघांचे असतील तर आरसीवर बाईचं नाव यायला काय हरकत आहे? पैसे तिच्या सोन्याचे असतील तर हा प्रश्नही पडू नये. आणि नाव नवऱ्याचंच राहिलं, तरी २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. तेवढं तरी करून घ्या. माणूस गेल्यावर गाडी नावावर करायला विधवेला मारावे लागणारे हेलपाटे त्याने बरेच कमी होतात. हा विषय घरात काढला की ‘आत्ताच कसलं अशुभ बोलतेस’ असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या आणि फॉर्म भरा.

पुढच्या वेळी घरातली मंडळी गाडी बघायला निघाली की ओवाळणीचं ताट बाजूला ठेवा. पर्समध्ये चुंबक टाका, काखेत चटई घ्या आणि सरळ सोबत निघा. लोक हसतील. हसू देत. कल्ले बघतानाही कोळीण आपल्याला हसते, पण म्हणून आपण शिळं पापलेट घेऊन घरी येत नाही.